टपरीवर दुरुस्त होईल ती

आमच्या कंपनीत नवीन माणूस लागला आणि त्याला सायकल घ्यायची असली, की कोणीतरी त्याला माझ्या खिडकीवर पाठवतं. मी सायकलवाला नाही. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. बेअरिंग, बेल्ट, स्प्रिंगा, नटबोल्ट मागतील तसे काढून द्यायचे, वहीत लिहायचे आणि संपायच्या आत मागवून ठेवायचे, हे माझं काम. पण नोकरीला लागल्यापासून मी सायकलीनेच येतो-जातो, आधी धुळ्यात अवधानला आणि आता इथे. एवढ्या भांडवलावर लोकांनी मला जाणकार ठरवून टाकलंय.

खिडकीतून येणारा प्रश्न ठरलेला असतो. “भाऊ, सहा-सात हजारात कोणती घेऊ?” मी उलट विचारतो, “राहतो कुठे? आणि तुझ्या रस्त्यावर पंक्चरवाला कुठे कुठे बसतो?” पोरगं गोंधळतं. त्याला कंपनीचं नाव हवं असतं, मी पत्ता विचारतो.

हा प्रश्न मला स्टोअरने शिकवला. कुठल्याही यंत्राची किंमत खरेदीच्या बिलावर पूर्ण लिहिलेली नसते. उरलेली किंमत माझ्या रॅकवर असते. एकदा स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं एक मशीन एवढ्याशा गिअरपायी ऐन हंगामात उभं राहिलं होतं. गिअर जळगावात नाही, नाशकात नाही, सुरतला चौकशी केली तर तिथला माणूस म्हणाला, हे मॉडेलच बंद झालं. शेजारचं जुनाट लूम मात्र चालू होतं, कारण त्याचा प्रत्येक तुकडा इथलाच टर्नर तासून देऊ शकत होता. सायकलीचंही तसंच. कंत्राटावरच्या माणसाला गेटवर उशीर झाला की अर्धा रोज जातो, पोहोचलाच नाही तर पूर्ण जातो. महिन्यात दोन-तीनदा सायकल वाटेत बसली, तर दुकानदाराशी घासाघीस करून वाचवलेले तीनशे रुपये कधीच खर्ची पडलेले असतात.

दुकानात गेलं की पहिल्या रांगेत काय दिसतं? जाड टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, दांड्यावर इंग्रजीत एखाद्या रागीट जनावराचं नाव. किंमत सात ते नऊ हजार, गिअरवाली बारा-पंधरापर्यंत. दिसायला देखणी, यात शंका नाही. पण तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, कधी कधी स्टँडसुद्धा नाही. विचारलं की उत्तर येतं, “ते एक्स्ट्रा.” म्हणजे ज्या वस्तू कामावर जाणाऱ्याला लागतात तेवढ्याच नेमक्या वगळलेल्या, आणि ज्याची त्याला गरज नाही तो शॉकअप मात्र किमतीत धरलेला. स्वस्त सायकलीतला शॉकअप हा वजनाचा नुसता भार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पायडल मारताना आपला थोडा जोर तो खाली-वर होण्यात खातो आणि दोन पावसाळ्यांत गंजून गप्प बसतो. दुकानदाराचा दोष नाही. त्याचं गिऱ्हाईक आता बारा-पंधरा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्या मुलाला डबा न्यायचा नसतो.

काळी अठ्ठावीस इंची सायकल मागे गोडाउनात असते. दूधवाले, पाववाले, वॉचमन यांच्यासाठी दोन-चार ठेवलेल्या, दांड्यांना खाकी कागद गुंडाळलेल्या. ती दाखवा म्हटलं की मालक आधी माझ्याकडे आणि मग सोबतच्या पोराकडे पाहतो. “याला? ही?” पोराचाही चेहरा पडतो. त्याच्या गावात ती आजोबांची असते.

माझ्या वडिलांची होती. ते धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून आधी सायकलींच्या घंट्या बाहेर यायच्या, मग माणसं, असं आई सांगायची. तेव्हा सायकल ही मिळकत होती. नगरपालिका तिच्यावर कर घ्यायची, बिल्ला लावावा लागायचा, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा. सरकारी शिपायाला सायकलीसाठी पगारावर अ‍ॅडव्हान्स मिळायचा. वडिलांची सायकल मी चालवायला घेतली तेव्हा तिचं वय माझ्यापेक्षा जास्त होतं. मूळचं असं तिच्यात फक्त दांडे आणि चिमटा राहिले होते. चाकं, क्रँक, सीट, हँडल, सगळं कधी ना कधी बदललेलं, आणि बदललेलं बहुतेक दुसऱ्याच कंपनीचं.

हे शक्य होतं कारण या सायकलीची मापं ठरलेली आहेत. मूळ घडण इंग्लंडातली. स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत ती इथे रुजली. मद्रासला टीआय १९४९ मध्ये, सोनिपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हिरो १९५६ मध्ये. सगळ्यांनी जवळपास एकच सायकल बनवली. चीनमध्ये तिचीच बहीण फ्लाइंग पिजन नावाने कोट्यवधींनी रस्त्यावर आली. लुधियानाच्या छोट्या छोट्या कारखान्यांत तिचे छर्रे, कोन, कोटर, फ्रीव्हील वर्षानुवर्षं निघताहेत, आणि ते कोणत्याही काळ्या सायकलीला बसतात. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. त्या बातमीने वाईट वाटलं. पण आमच्या गेटवरच्या वॉचमनची अ‍ॅटलस त्यानंतरही चालतेच आहे, तिला भाग कमी पडलेला नाही. स्टोअरकीपरच्या डोळ्यांनी पाहिलं तर यापेक्षा चांगलं यंत्र सापडणं कठीण.

तिचे दोष मला माहीत आहेत, आणि मी पोरांपासून ते लपवत नाही. वजन अठरा-वीस किलो. रॉडचे ब्रेक पावसात उशिरा लागतात, कारण लोखंडी रिम ओली झाली की रबराचा गुटका घसरतो. ट्रकमागे अंतर ठेवूनच चालवावी लागते. उंची कमी असलेल्या माणसाला बावीस इंची फ्रेम घ्यावी लागते, नाहीतर सिग्नलला पाय टेकत नाही. आणि वाऱ्याविरुद्ध ती जड जाते.

वाऱ्याचं धुळेकरांना सांगायला नको. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं जंगल उगाच उभं नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा सुटतो की उघड्यावर सायकल सरळ ठेवणं हेच काम होऊन बसतं. मी देवपुरात राहायचो. पांझरेचा पूल ओलांडला की आग्रा रोडला लागेपर्यंत वाऱ्याची एक थप्पड बसायची. मग शहरात सुख. धुळ्याचं जुनं गाव सरळ रेषांत आखलेलं आहे. १८१९ मध्ये ब्रिग्ज साहेबाने इथे ठाणं केलं तेव्हापासूनची ती मांडणी. गल्ल्यांना नंबर, एकमेकींना समांतर. सायकलवाल्याला याचा फायदा असा की आग्रा रोड तुंबला तर बाजूच्या गल्लीत शिरायचं, ती बंद असली तर तिच्या पुढच्या. पण गाव संपून मालेगाव रोड सुरू झाला की अवधानपर्यंत आडोसा नाही. उजवीकडून वारा, डावीकडे खड्डा, मागून मुंबई-आग्रा महामार्गाचे ट्रक.

तिथल्या एका सायकल मिस्त्रींनी माझा हा वाऱ्याचा प्रश्न एका संध्याकाळी सोडवला. मागचं फ्रीव्हील अठरा दात्यांचं होतं, त्यांनी वीस दात्यांचं चढवलं. पुढे चव्वेचाळीस दाते आणि मागे अठरा असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मागे वीस केले की पाच मीटरच्या आत. तेवढा वेग कमी होतो, तेवढंच गुडघ्यावरचं ओझंही. सपाट तापीखोऱ्यात कामावर जाणाऱ्याला यापेक्षा जास्त गिअर कशाला लागतात, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. या बदलाला एका चांगल्या जेवणाएवढा खर्च आला होता. गिअरच्या सायकलीसाठी चार-पाच हजार जास्त मोजायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो. ऐकतात थोडे.

जळगावला आलो तेव्हा सायकल तीच आणली, पण रस्ता नव्याने निवडावा लागला. शहराच्या मधून महामार्ग जातो, जुन्या क्रमांकाने ६, नव्याने ५३, सुरत-नागपूरवाला. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावं वर्तमानपत्रात बहुतेक वेळा अपघाताच्या बातमीत भेटतात. समांतर रस्ते करा म्हणून इथे वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. मी पिंप्राळ्याकडे राहतो. महामार्गाने गेलो तर लवकर पोहोचतो, शहरातून पांडे चौक, नेरी नाका करत गेलो तर वेळ जास्त लागतो. मी शहरातून जातो. रात्रपाळी सुटल्यावर तर कोणालाच महामार्ग सुचवत नाही. केळीचे ट्रक, ऊस नसला तर कापसाचे, डंपर, आणि या सगळ्यांच्या दिव्यांपुढे आपण एक काळी सावली. म्हणून माझी दुसरी अट रेडियमची. मागच्या मडगार्डवर लाल, पायडलला पिवळी, चिमट्याला पांढरी. साठ-सत्तर रुपयांचं काम. शॉकअपवर दोन हजार घालणारा माणूस रेडियमला “नंतर बघू” म्हणतो तेव्हा मात्र माझा आवाज चढतो.

शहरातून जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्या रस्त्यावर टपऱ्या आहेत. झाडाखाली पंप, पाण्याची घमेली, टायरचा हार, एवढंच दुकान. महामार्गावर ट्रकचे पंक्चरवाले आहेत, पण ते सायकलला हात लावायला राजी नसतात. नेरी नाक्याच्या अलीकडे माझे ठरलेले चाचा आहेत. खान्देशात पंक्चरचं मूळ कारण खिळा नाही, काटा आहे. वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेने माजलेली, ती छाटली की फांद्या तिथेच पडतात. शिवाय सराटे, पावसाळा संपला की चाकाला चिकटून येणारे. चाचा ट्यूब काढण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवतात. काटा मोडून आत राहिला असेल तर पंक्चर काढूनही तासाभरात हवा जाते. मेमध्ये वेगळीच तऱ्हा. जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला आणि सायकल दिवसभर उन्हात उभी राहिली, की जुन्या पॅचचं सोल्युशन सैल पडतं. पहिली पाळी सुटून तीन वाजता बाहेर आलं तर चाक बसलेलं. आमच्याकडे सायकलींसाठी पत्र्याची शेड होती, आता तिच्यात मोटारसायकली लागतात आणि सायकली भिंतीला टेकून उन्हात. शेड कोणाची, यावरून मी मॅनेजरसाहेबांशी दोनदा बोललोय. पुन्हा बोलेन.

२०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांना जाणाऱ्यांची वाहनं विचारली होती. देशभरात १३ टक्क्यांच्या आसपास लोक सायकलीने जात होते, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. तेव्हाची आमची शेड मला आठवते, आकडा खरा वाटतो. आज हप्त्यावर गाडी मिळते, आणि कोणी घेतली तर त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. फक्त हिशोब सांगतो. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, पेट्रोल शंभरीपार, तर महिन्याला सात-आठशे पेट्रोलचे, वर हप्ता. हेल्परच्या पगारात ते बसतं का, त्याने त्याचं बघावं.

मध्यंतरी पॅकिंगमधल्या एक ताई खिडकीवर आल्या. कुसुंब्याहून रोज रिक्षाने यायच्या, दाटीवाटीने. “भाऊ, माझ्या भाचीची सायकल पडून आहे. शाळेतून मिळालेली. ती चालंल का मला?” मानव विकास कार्यक्रमात काही तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळा लांब असली तर सायकलीसाठी पैसे मिळतात, आधी ३,५०० मिळायचे, २०२२ पासून ५,०००. भाचीची बारावी झाली, ती कॉलेजला एसटीने जाऊ लागली, सायकल गोठ्यात. मी म्हटलं, घेऊन तर या.

ती सायकल पाहून मला आनंद झाला. मधला दांडा नाही, साधे ब्रेक, मडगार्ड, चेनकव्हर, पुढे बास्केट. सरकारी पैशात बसेल अशी, म्हणजे कुठलीही चैन नसलेली. कामावर जायला जी सायकल मी दुकानात शोधत फिरतो ती शाळकरी मुलींना मिळत होती! कुसुंब्याच्या फाट्यावरच्या मिस्त्रीकडून छर्रे बदलून घेतले, मागच्या चाकाचा आउट काढून घेतला, पातळ कॅरिअर काढून जाड सळईचं बसवलं आणि साडी अडकू नये म्हणून चाकाला जाळी. सीट मी त्यांच्या मापाने थोडी वर करायला सांगितली, कारण सीट खाली असली की गुडघे दुखतात. ताईंनी ती पुन्हा खाली करून घेतली. “पाय टेकले पाहिजेत, भाऊ. ट्रकवाला हॉर्न मारतो तेव्हा मला उतरता आलं पाहिजे.” पुस्तकातलं माप त्यांच्या रस्त्यावर चालत नव्हतं. मी गप्प बसलो. पहिल्या आठवड्यात गावात लोक हसले म्हणे. कोणा म्हातारीने अहिराणीत विचारलं, “कितलाले लिधी वं?” फुकट मिळाली हे कळल्यावर हसणं थांबलं. आता कुसुंब्याहून चार-पाच जणी मिळून सायकलीने येतात, त्यातल्या दोघींनी जुन्या विकत घेतल्या. रिक्षाचे महिन्याला हजारेक रुपये वाचतात. आणि चौघी एकत्र असल्या की ट्रकवाला हॉर्न कमी मारतो, हे त्यांचं निरीक्षण.

शेतातल्या वाटेने येणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. काळ्या मातीत मडगार्डच वैरी होतं. पहिल्या पावसात माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये थापली जाते, चाक फिरेनासं होतं, मग काडी घेऊन ती कोरत बसायचं. शिरसोलीकडून येणारा आमचा एक फिटर पावसाळ्याचे चार महिने पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतो आणि पाठीवर प्लॅस्टिकची गोणी बांधतो. त्याला मी मडगार्डचा आग्रह धरत नाही.

आणि एक ट्रेनी पोरगा. पारोळ्याकडचा, इथे खोली घेऊन राहतो. माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि हप्त्यावर एकवीस गिअरची घेतली. कामाच्या रस्त्यावर तो एकाच गिअरमध्ये चालवतो, मी विचारलंय. एकदा मागचं गिअर वाकून स्पोकमध्ये शिरलं. चाचांनी हात जोडले, “बेटा, ये हमारा काम नहीं.” दुकानात भाग यायला वेळ लागला, तोवर पोरगा पायी. पण रविवारी पहाटे तो मेहरूण तलावाला चकरा मारतो, एकदा मित्रांबरोबर पद्मालयाला जाऊन आला, आणि सोमवारी त्याचा चेहरा इतरांसारखा उतरलेला नसतो. माझ्या हिशोबाच्या वहीत या गोष्टीला रकाना नाही. त्याच्यापुरती त्याची निवड बरोबर असेल. मी तरीही दुसऱ्याला ती सुचवणार नाही.

नवी घ्यायला निघालेल्यांसाठी काळ तसा बरा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सात हजारांच्या सायकलीमागे चारेकशे रुपये सुटतात, त्यात कॅरिअर आणि रेडियम बसतं. जुनी घेणाऱ्याला मी एवढंच पाहायला सांगतो : पुढचं चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना सोडून बघ, ते अडखळत फिरलं तर आतली वाटी गेली आहे. क्रँक धरून हलव, खडखडली तर कोटर किंवा बॉटम. हे सगळं स्वस्तात होतं. पण दांड्याच्या जोडाजवळ रंगाला केसाएवढी चीर दिसली, तर फुकट दिली तरी घेऊ नको.

माझे गुडघे अलीकडे कुरकुरतात. घरचे म्हणतात, बॅटरीची सायकल घ्या. २५० वॅटची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर लायसन्स नाही, पासिंग नाही. किंमत काळ्या सायकलीच्या चौपट-पाचपट. चालवून बघितली, वाऱ्याला ती घाबरत नाही, हे खरं. चाचांना विचारलं तर म्हणाले, टायर-ट्यूब माझी, वायरिंग मुलाची. मुलगा ई-रिक्षांची कामं करतो. कंट्रोलर आणि चार्जर जळगावात सुटा मिळतो का, मिळाला तर कितीला, आणि जळगावच्या उन्हात बॅटरी किती वर्षं टिकते, एवढं त्याच्याकडून लिहून मागितलंय. बॅटरीची किंमत त्याने सांगितली, तेवढ्यात मी एक काळी सायकल आणखी घेऊ शकेन. बाकीचे दोन आकडे आले की दिवाळीच्या बोनसनंतर ठरवू.